नदीतल्या शिंपल्यांवरून प्रदूषण ओळखायचं तर सुरुवात कुठून करायची?

काठावरची:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून सविस्तरच लिहिते. आम्ही काही जण मिळून एका नदीच्या पट्ट्यावर लक्ष ठेवतो, ठरलेल्या दिवशी जाऊन पाण्याचं सॅम्पल घेतो, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, कंडक्टिव्हिटी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता) जागेवरच बघतो आणि बाकीचं लॅबला पाठवतो. रिपोर्ट बहुतेक वेळा बरे येतात. आणि तरीही अधूनमधून सकाळी मासे मरून काठाला लागलेले असतात, पाण्यावर फेस असतो, नाक धरावं असा वास असतो, आणि आम्ही बाटल्या घेऊन पोचेपर्यंत जे काय सोडलेलं असतं ते वाहून गेलेलं असतं. हातात काहीच राहत नाही, वर आमचाच रिपोर्ट दाखवून समोरचा म्हणतो बघा की, पाणी तर चांगलं आहे. फार जीव तुटतो.

आता कुणीतरी सुचवलं की शिंपले वापरा, ते चोवीस तास पाण्यातच असतात, पाणी गाळूनच जगतात, त्यांच्यावरून सगळं कळतं. म्हणून वाचायला घेतलं तर गोंधळच वाढला. एक जण म्हणतो कवच मिटलं की समजायचं, दुसरा म्हणतो मांस काढून लॅबला द्यायचं, तिसरा म्हणतो नुसते मोजा. तर यातलं आमच्या कामाचं काय? कुठलाही शिंपला चालतो का? दुसरीकडून आणून जाळीत ठेवले तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे उद्या हे कुणापुढे मांडलं तर ऐकून घेतील का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा.

गाळशोधक:
आधी ठरवा की शिंपल्याकडून तुम्हाला नक्की काय हवंय. तुम्ही वाचलंत त्यातले तिघेही बरोबर आहेत, पण ती तीन वेगळी कामं आहेत आणि एकात एक मिसळली की सगळा घोळ होतो. कवच कधी मिटतं हे बघितलं तर आत्ता पाण्यात काहीतरी बिघडलंय एवढं काही मिनिटांत कळतं. मांसात काय साठलंय हे बघितलं तर गेल्या काही आठवड्यांत-महिन्यांत नदीतून काय काय गेलं आणि त्यातलं किती जिवाच्या अंगात उतरलं ते कळतं. आणि नदीत शिंपले कुठे आहेत, किती आहेत, कुठल्या वयाचे आहेत हे बघितलं तर गेल्या कित्येक वर्षांची हकिगत कळते.

तुमचा त्रास रात्रीत सोडलेल्या पाण्याचा आहे, त्याला पहिलंच उपयोगी पडेल. इथे बरेच जण चकतात. वाटतं की शिंपला सगळं पाणी गाळतो म्हणजे रात्रीचं विष त्याच्या अंगात सापडणारच. बऱ्याचदा सापडत नाही! घाण पाणी आलं की तो गच्च मिटतो, पाणी आत घेणंच थांबवतो, आत ऑक्सिजन नसला तरी तग धरतो, काही तास तर सहज आणि वेळ पडली तर दिवसच्या दिवस, आणि लाट पुढे गेली की परत उघडतो. म्हणजे ज्या घटनेचा पुरावा तुम्हाला हवाय नेमकी तीच तो अंगाला लागू देत नाही. उलट शिसं, कॅडमियम, पारा, पीसीबी (चरबीत साठणारी टिकाऊ औद्योगिक रसायनं) असलं जे रोज चिमूटभर येत राहतं, जे बाटलीत मशीनला दिसतही नाही इतकं कमी असतं, ते त्याच्या अंगात साठून साठून ठळक दिसायला लागतं. मोठा शिंपला दिवसाला कितीतरी लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो, चांगल्या आकाराच्या जातींसाठी ४० लिटरपर्यंतचा आकडा सांगितला जातो, तर एवढ्या पाण्यातलं थोडं थोडं धरून ठेवलं तरी बेरीज मोठी होते.

या साठण्याच्या पद्धतीची सुरुवात समुद्राकडून झाली. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांचं मांस तपासून प्रदूषणावर नजर ठेवायची कल्पना मांडली, मग अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ पासून ते देशभर नियमित सुरू केलं आणि पुढे १९९२ मध्ये ग्रेट लेक्स म्हणजे गोड्या पाण्यातही नेलं. तिथे त्यांनी वापरले झेब्रा शिंपले, जे मुळात तिथले नाहीतच, बाहेरून घुसलेले आहेत. आक्रमक जात आहे म्हटल्यावर हवे तेवढे काढले तरी कुणाचं नुकसान नाही, उलट बरंच. स्थानिक जातींच्या बाबतीत असं बिलकुल करता येत नाही, त्यावर इथलं कुणीतरी बोलेलच.

कवच मिटण्याच्या पद्धतीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पोलंडमधलं. वॉर्सा शहराला पाणी देणाऱ्या केंद्रात विस्तुला नदीचं पाणी आठ शिंपल्यांवरून जातं, प्रत्येकाच्या कवचाची उघडझाप सेन्सर सतत वाचत असतो, आणि एकाच वेळी बरेचसे मिटले की अलार्म होतो. तेच तेच शिंपले कायम ठेवत नाहीत, काही महिन्यांनी त्यांना परत पाण्यात सोडतात आणि नवे आणतात, कारण एकाच जागी राहून ते सरावतात आणि मग पहिल्यासारखे बिचकत नाहीत. तिथे केमिकल टेस्ट बंद केलेल्या नाहीत हे मात्र नीट ध्यानात घ्या. शिंपला सांगतो की काहीतरी आलंय, काय आलंय ते बाटलीच सांगणार. तुमच्याही योजनेत बाटली सुटता कामा नये.

सर्किटवाला:
वरच्यांनी मुद्दा बरोबर मांडलाय, मी करण्याच्या बाजूने सांगतो कारण हे मी प्रत्यक्ष जोडलेलं आहे.

लागतं फार कमी. एका कवचावर छोटा निओडिमियम मॅग्नेट, समोरच्या कवचावर लीनियर हॉल सेन्सर (मॅग्नेट किती जवळ आहे त्याप्रमाणे व्होल्टेज देणारा), दोन्ही कडेपासून जरा आत, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला. कवच उघडलं की मॅग्नेट लांब जातो, मिटलं की जवळ येतो, व्होल्टेज बदलतं, संपलं. चिकटवायच्या आधी तेवढीच जागा ओल्या कपड्याने पुसायची, मग कोरडी करायची, वरची गुळगुळीत साल अगदी हलकीशी घासायची आणि लगेच चिकटवायचं. जास्त घासू नका, ती साल कवचाला गंजण्यापासून... म्हणजे आम्लधर्मी पाण्यात विरघळण्यापासून वाचवते. डिंक कडेवरून आत ओघळला तर जनावर कायमचं अर्धवट उघडं किंवा मिटलेलं राहील, त्यामुळे थेंबभरच. वायर अगदी पातळ आणि सैल ठेवा, ताणली गेली की तो अस्वस्थ होऊन मिटतो आणि तुम्हाला वाटतं नदी बिघडली.

आता काही गोष्टी ज्या कुठे धड लिहिलेल्या नसतात. अंतर आणि व्होल्टेज सरळ रेषेत जात नाहीत, जवळ असताना थोड्या हालचालीला खूप फरक पडतो आणि लांब गेल्यावर कमी, म्हणून प्रत्येक शिंपल्याचं त्याचं त्याचं पूर्ण मिटलेलं आणि पूर्ण उघडं असं माप घेऊन टक्क्यांत बदला. हॉल सेन्सर तापमानाप्रमाणे सरकतो, तर पाण्याचं तापमान सोबत नोंदवाच. दोन शिंपले शेजारी शेजारी ठेवले तर एकाचा मॅग्नेट दुसऱ्याच्या सेन्सरला ढवळतो, मोकळं अंतर ठेवा. सेकंदाला एक रीडिंग भरपूर झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कळायला वेळ लागतो. शिंपल्याचं कवच कपड्यांच्या चिमट्याच्या बरोबर उलट चालतं. मिटायला त्याला दोन स्नायूंचा जोर लावावा लागतो, उघडायला काहीच लागत नाही, बिजागरीचा लवचिक पट्टा आपोआप उघडतो. म्हणजे मेलेला शिंपला उघडा असतो!! नुसतं ‘मिटला की अलार्म’ असं प्रोग्रॅमिंग केलं तर मेलेले सगळे तुम्हाला खुशाल उघडे, आनंदात दिसतील. जिवंत आणि निवांत शिंपला पूर्ण स्थिर नसतो, मधूनमधून पटकन एक झटका देऊन आतला नको असलेला गाळ बाहेर फेकतो, ग्राफवर बारीक काटे दिसतात. काटे थांबले आणि रेष सपाट उघडी राहिली तर तोही अलार्मच. हे दोन्ही नियम टाका.

एकट्या शिंपल्यावर कधी विश्वास ठेवू नका. एखादा मुळातच घाबरट असतो, एखादा दुपारभर मिटून बसतो, बऱ्याच जातींत दिवसरात्रीचा ताल असतो. आठ-दहा तरी घ्या आणि थोड्याशा वेळात निम्म्याहून जास्त मिटले तरच दखल घ्या.

काठावरची:
खूप खूप आभार दोघांचे, चिमट्याचं वाचून एकदम लख्ख कळलं. मेलेला उघडा राहतो हे ध्यानातच आलं नसतं. आता दोन शंका. पाऊस पडून गढूळ पाणी आलं, कुणी पाण्यात उतरलं, गुरं आली, तर ते मिटणारच ना, मग प्रदूषण कुठलं आणि हे कुठलं ते ओळखायचं कसं? दुसरं म्हणजे आमच्या पट्ट्यात एका वळणाच्या वरच्या अंगाला हातभर लांबीच्या... म्हणजे पंजाएवढे मोठे शिंपले भरपूर आहेत, पाय टाकला की लागतात, तर तिथली नदी चांगली आहे असं धरायचं का आणि सेन्सरसाठी तिथूनच घ्यावेत का?

गाळशोधक:
पहिल्याचं सांगतो, दुसऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देणारे इथे आहेत.

गढूळपणाने मिटतातच, तापमान झटकन बदललं, सावली पडली, दगड हलला, तरी मिटतात. म्हणून शेजारी टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा, तापमान, ऑक्सिजन आणि कंडक्टिव्हिटी मोजणारा साधा प्रोब हवाच. पाणी वाढलं, गढूळ झालं आणि शिंपले मिटले तर बहुतेक पूर. पाणी जैसे थे, स्वच्छ दिसतंय, पाऊस नाही आणि रात्री तीन वाजता सगळे मिटले तर ते तुमचं. कंडक्टिव्हिटी त्याच वेळी उडी मारते का ते तर पहिलं बघायचं.

आणि सुरुवातीचा काळ अलार्म लावूच नका, नुसतं बघत राहा. त्या जागेचा, त्या जातीचा, त्या ऋतूचा रोजचा ताल काय आहे तो समजल्याशिवाय बिघाड कशाला म्हणायचं हे ठरवताच येत नाही. हा कंटाळवाणा भाग आहे आणि लोक तोच गाळतात.

संथवाहिनी:
काठावरची ताई, मोठे शिंपले भरपूर आहेत हे वाचून बरं वाटलं पण लगेच निष्कर्ष काढू नका. लहान आहेत का ते बघा. नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे. माझ्या मते शिंपल्यांबद्दल विचारण्यासारखा हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तोच कुणी विचारत नाही.

गोड्या पाण्यातले बरेच शिंपले दशकानुदशकं जगतात, युरोपातल्या थंड नद्यांतला मोत्यांचा शिंपला, मार्गारिटिफेरा, तर शंभर वर्षांच्या पुढे सहज जातो. म्हणजे आज दिसणारा मोठा शिंपला हा खूप पूर्वीच्या चांगल्या नदीचा पुरावा असू शकतो. त्यानंतर नदी बिघडली, पिल्लं होणंच थांबलं, आणि म्हातारे तेवढे उरले, असं कितीतरी ठिकाणी झालंय. वरून बघणाऱ्याला वाटतं केवढी भरभराट आहे. एक दिवस ते म्हातारे संपतात आणि मागे कुणीच नसतं.

पिल्लं का थांबतात हे कळायला त्यांचं आयुष्य बघावं लागतं, आणि ते इतकं विलक्षण आहे की मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. मादी अंडी बाहेर टाकत नाही, आपल्याच कल्ल्यांत सांभाळते, तिथे ग्लोकिडिया नावाच्या बारीक अळ्या तयार होतात, मिलिमीटरच्याही अंशाएवढ्या, आणि बहुतेक जातींत त्यांना पुढे माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटावंच लागतं. काही आठवडे तिथे राहून, रूप बदलून मग ते इवलेसे शिंपले गाळात पडतात. काही जातींना तर ठरावीकच मासे चालतात. उत्तर अमेरिकेतल्या लॅम्पसिलिस गटातल्या मादीच्या मांसाची कड हुबेहूब छोट्या माशासारखी दिसते, डोळ्याच्या ठिपक्यासकट, ती हलवून ती मोठ्या माशाला जवळ बोलावते आणि तो तोंड मारायला आला की अळ्या सोडते. आता बघा, मध्ये बांध घातला आणि तो मासा वर यायचा थांबला तर पाणी कितीही स्वच्छ असो, पिल्लं नाहीत. म्हणून पिल्लं नाहीत म्हणजे प्रदूषणच, असंही धरू नका. मासे कुठले आहेत ते सोबत तपासा.

बरं, मासा मिळाला आणि पिल्लू गाळात पडलं तरी पहिली काही वर्षं ते गाळाच्या आतच राहतं, वरच्या वाहत्या पाण्यात नाही. तिथे दगडांच्या फटीत बारीक माती भरली, ऑक्सिजन संपला, अमोनिया साठला की ते जातं. वरच्या पाण्याचा रिपोर्ट उत्तम असतो आणि खाली दोन बोटांवर विष असतं.

तर मोजताना एक चौकट ठेवून त्यातला वरचा गाळ हलक्या हाताने चाळा, नुसतं डोळ्यांना दिसतील ते मोजू नका. प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने घ्या आणि लांबीप्रमाणे किती किती आहेत असा तक्ता करा. सगळी गर्दी मोठ्या मापांत असेल आणि लहान माप रिकामं असेल तर माझ्यासाठी ती बातमी मेलेल्या माशांपेक्षा वाईट आहे. रिकामी कवचंही गोळा करून नोंदवा, आतून चकचकीत आणि बिजागरी शाबूत असेल तर अलीकडचं मरण.

हाताळताना ओल्या फडक्यात, सावलीत, काही मिनिटंच. परत ठेवताना होता तसाच ठेवा, पायाकडची बाजू गाळात आणि पाणी घेणारी मागची कड वर. नुसता फेकला तर तो आडवा पडतो, परत रुतून बसायला त्याला खूप दम लागतो आणि तेवढ्यात प्रवाह त्याला वाहून नेतो. ही सगळी काळजी न घेता मोजणी करायची असेल तर मोजणी न केलेली बरी.

काठावरची:
ताई, लहान कधी बघितलेच नाहीत आम्ही, शोधलेच नव्हते. आता आधी तेच करतो.

दुसरीकडून आणण्याबद्दल कुणी सांगेल का? खालच्या अंगाला जिथे शिंपले अजिबात नाहीत तिथे जाळीत ठेवावे असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे.

संथवाहिनी:
दुसऱ्या नदीतून, दुसऱ्या खोऱ्यातून, किंवा विकत मिळणारे असे कधीच आणू नका. झेब्रा शिंपला, गोल्डन शिंपला, चिनी तळ्यातला सिनॅनोडोंटा हे असेच माणसाच्या हातून एका नदीतून दुसऱ्या नदीत गेले आणि नंतर कुणालाही काढता आले नाहीत. सोबत परजीवी आणि रोगही जातात. त्याच नदीतले, त्याच जातीचे, वरच्या अंगाचे, तेही थोडेच, आणि परवानगी घेऊन. बऱ्याच जाती धोक्यात आहेत आणि अनेक ठिकाणी कायद्याने संरक्षित आहेत. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतांश संकटात आहेत. जात कुठली ते आधी जाणकाराकडून नक्की करून घ्या, फोटोवरून बरेचदा चुकतं. बूट, जाळ्या, बादल्या एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना धुऊन पूर्ण वाळवा.

आणि हे बिचारे शिंपले नदीतून पळू शकत नाहीत हो. मासे निदान वर-खाली जातात. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सीडर ब्लफजवळ एक टँकर उलटला, रबर उद्योगातलं रसायन क्लिंच नदीत गेलं, पाणी पांढरं झालं आणि सुमारे ७,००० शिंपले मेले, त्यात अत्यंत दुर्मिळ जातींचेही होते. असे मेलेले शिंपले परत येत नाहीत, त्यांना कुणीतरी पैदास करून, माशांवर वाढवून, हाताने परत लावावे लागतात आणि त्याला वर्षानुवर्षं जातात. म्हणून जिथे मरण्याची खात्री आहे अशा जागी जाळीत बांधून ठेवायचं माझ्या मनाला पटत नाही. सेन्सरसाठी लागत असतील तर नदीचं पाणी काठावरच्या टाकीतून फिरवा, म्हणजे अलार्म झाला की पाणी तोडून त्यांना वाचवता येतं.

लॅबकोपरा:
जाळीच्या मुद्द्यावर संथवाहिनी ताईंशी थोडा मतभेद. साठणारं प्रदूषण मोजायचं तर जाळी हीच सगळ्यात साफ पद्धत आहे, कारण नदीत आपोआप असलेला शिंपला कुठून आला, किती वर्षांचा, आधी काय काय झेललंय हे काहीच माहीत नसतं. एकाच मापाचे, एकाच जागचे घेतले, काही वरच्या स्वच्छ अंगाला आणि काही खालच्या अंगाला ठेवले तर फरक नदीचाच. यासाठी रीतसर मार्गदर्शक पद्धत आहे, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ई २१२२, ती मिळवून वाचा. पण मरण्याच्या जागी ठेवू नये हे शंभर टक्के मान्य. आणि संरक्षित जात असेल तर मांस तपासायचा विषयच संपला, मेलेल्यांची कवचं तेवढी वापरा.

आता लॅबकडून ज्या गोष्टी बिघडताना बघतो त्या सांगतो. आणल्या आणल्या मांस काढून देतात, पोटात नदीचा गाळ भरलेला असतो, मग जे मोजतो ते गाळातलं शिसं असतं, शिंपल्यातलं नाही. एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्या. दुसरं, मांसाचा आकडा सुक्या वजनावर द्या, ओल्यावर दिला तर कुणी किती निथळलं त्यावर आकडा नाचतो. पीसीबीसारख्या चरबीत साठणाऱ्यांना चरबीचं प्रमाणही सोबत लागतं.

तिसरं जरा बारकाईने वाचा कारण भल्याभल्यांचं इथे चुकतं. समजा खालच्या अंगाला अन्न कमी आहे, शिंपला उपाशी राहून वाळला. अंगात तेवढंच कॅडमियम आहे पण अंगच कमी झालं, तर ग्रॅममागे आकडा वाढलेला दिसतो आणि तुम्ही म्हणता प्रदूषण! उलट चांगली वाढ झाली तर तेच कॅडमियम जास्त मांसात पसरून आकडा कमी दिसतो. म्हणून ठेवताना आणि काढताना प्रत्येकाचं वजन आणि लांबी घ्याच, आणि ग्रॅममागे किती यासोबत एका अख्ख्या शिंपल्यात मिळून किती हेही काढा. दोन्ही आकडे वाढले तरच खात्रीने बोला. कल्ल्यांत अळ्या असलेल्या माद्या वेगळ्या नोंदवा, त्यांचं वजन फसवं असतं.

तुम्ही मेलेले मासे आणि वास म्हणालात म्हणून अमोनिया आवर्जून तपासा. शिंपले सगळ्याच विषांना नाजूक नसतात, काही कीटकनाशकांना ते बरेच दाद देत नाहीत, पण अमोनिया, तांबं, निकेल, क्लोराइड, पोटॅशियम यांना फार लवकर बळी पडतात. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाचे निकष नव्याने ठरवून कडक केले त्यामागे मोठं कारण शिंपल्यांवरच्या टेस्ट हेच होतं. पीएच ७ आणि २० अंश सेल्सिअसला एकूण अमोनिया-नायट्रोजन, तासाच्या सरासरीला लिटरमागे १७ मिलिग्रॅम आणि ३० दिवसांच्या सरासरीला फक्त १.९. पीएच आणि तापमान चढलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो आणि ही मर्यादा बरीच खाली येते, त्यामुळे अमोनियाचा आकडा त्याच वेळच्या पीएच आणि तापमानाशिवाय लिहूच नका, त्याला अर्थ नसतो.

कवचंही फेकू नका. अमेरिकेतल्या ॲलेघेनी नदीत तेल-वायूच्या विहिरींचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जायचं, त्या जागेच्या खालच्या अंगाच्या शिंपल्यांच्या कवचाच्या थरांत स्ट्रॉन्शियम वाढलेलं सापडलं. कवच थराथराने वाढतं म्हणून कुठल्या काळात काय झालं ते वाचता येतं. थंड प्रदेशात वर्षाचे थर स्पष्ट असतात, उष्ण प्रदेशात पूर, दुष्काळ कशानेही रेष उमटते, तेव्हा नुसत्या रेषा मोजून वय ठरवू नका.

काठावरची:
लॅबकोपरा, एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. वजनाचं आमच्या डोक्यातही आलं नसतं. पुढे मांडण्याबद्दल राहिलं. शिंपले मिटले हा पुरावा म्हणून चालेल का?

लॅबकोपरा:
एकटा नाही चालणार, आणि तसा मांडायलाही जाऊ नका. मिटण्याची हजार कारणं असतात आणि समोरचा त्यातली नऊशे मोजून दाखवेल. त्याच मिनिटाला भरलेल्या बाटलीत अमोनिया किंवा तांबं सापडलं, कंडक्टिव्हिटीचा ग्राफ त्याच वेळी वर गेलेला आहे, आणि वरच्या अंगाचे शिंपले त्या वेळी निवांत उघडे होते, हे सगळं एकत्र ठेवलं तर उत्तर देणं अवघड जातं. कारवाईसाठी सॅम्पल अधिकृत माणसाने, ठरलेल्या रीतीने, सील करूनच घ्यावं लागतं बहुतेक ठिकाणी. तुमच्या डेटाचा खरा उपयोग असा की रात्री कधी, कुठल्या वारी, किती वेळ हे होतं तो नमुना तुमच्याकडे असेल, मग अधिकृत सॅम्पल घेणाऱ्याला नेमक्या वेळी उभं करता येईल.

पाण्यातला_पोरगा:
सहज शंका, सांडपाण्यातले जंतू पण शिंपले ओळखतात का? म्हणजे मैलापाणी आलं तर मिटतील?

गाळशोधक:
जंतूंना बिचकून मिटत नाहीत. गाळून धरून ठेवतात मात्र, ई. कोलाय, विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी सगळे त्यांच्या अंगात सापडतात आणि तशा तपासणीसाठी वापरलेही जातात. मैलापाण्यासोबत अमोनिया वाढला, ऑक्सिजन पडला तर त्याने मिटतील. आणि प्रदूषित नदीतला शिंपला कुणी खाऊ नये हे त्याच कारणाने.

काठावरची:
शेवटचं एक, सर्किटवाला दादा. शिंपले मिटले की आपोआप पंप चालू होऊन बाटली भरेल अशी सोय करायचं आमच्या मनात आहे, पण तोवर मुख्य घाण पुढे निघून गेली तर? निम्मे मिटेपर्यंत वेळ जाणारच ना.

सर्किटवाला:
जातो वेळ, म्हणून अलार्मनंतर भरायचंच नाही, आधीपासून भरत राहायचं. बाटल्यांचं चक्र ठेवा, दर पंधरा मिनिटांनी एक बाटली भरायची, चक्र पूर्ण झालं की सगळ्यात जुनी रिकामी करून, नदीच्याच पाण्याने खंगाळून परत तीच भरायची. अलार्म झाला की रिकामं करणं थांबवायचं आणि उरलेल्या बाटल्या लवकर लवकर भरायच्या. म्हणजे मिटायच्या आधीचं, मिटतानाचं आणि नंतरचं असं तिन्ही वेळचं पाणी हातात येतं, आणि आधीचं स्वच्छ पाणी तुलनेला असणं फार मोलाचं आहे. चक्रातल्या काही जागा आधीपासूनच अलार्मनंतरसाठी मोकळ्या ठेवा. पेटी थंड राहील असं बघा, अमोनिया आणि धातू यांच्या बाटल्या वेगळ्या आणि त्यात कुठलं आम्ल किती घालायचं ते तुमच्या लॅबकडून लिहून घ्या, कारण दोघांचं वेगळं असतं. पंपाची नळी शिंपल्यांच्या टाकीतूनच घ्या, नदीत दुसरीकडून घेतली तर शिंपल्यांनी अनुभवलेलं पाणी वेगळं आणि बाटलीतलं वेगळं होईल. आणि लॉगर (सेन्सरची रीडिंग नोंदवणारं यंत्र) आणि बाटल्यांच्या पेटीचं घड्याळ एकच असू द्या, दोन घड्याळं दोन-चार मिनिटांनी मागेपुढे झाली की कुठली बाटली कुठल्या क्षणाची यावरच वाद सुरू होतो.